सव्वा मिलिमीटरचं भांडण

३ जून

तीर्थरूप वगैरे ताई,

फोनवर तू मला बंदी घातलीस, म्हणून आता कागदावर ओरडतोय. तुझं म्हणणं, मी आधी ओरडतो आणि मग विचार करतो. पत्र लिहायचं तर निदान पेन शोधेपर्यंत तरी विचार होईल. पेन सापडलं. विचार तोच आहे. तुमच्या प्रयोगशाळेचे आकडे चुकलेत.

म्हणजे तुझेच चुकलेत, कारण तिथली मापं तूच घेतेस. सख्खी नाही तरी मावसबहीण आहेस, म्हणून सौम्य भाषा वापरतोय.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो, कारण ते तुला माहीत असेल याची मला खात्री राहिलेली नाही. इंजिनाच्या पोटात डिझेलचा फवारा कसा उडतो हे कुणाला बघता येत नाही, कारण इंजिनाला खिडकी नसते. म्हणून आपण खिडकीवालं खोटं इंजिन बनवतो. जाड पोलादाचा हंडा, त्यात सहाशे अंशांच्या वर तापवलेला आणि दाबून भरलेला नायट्रोजन, वरून इंजेक्टर, बाजूला जाड काच आणि काचेपलीकडे कॅमेरा. पापणी लवायच्या आत फवारा उडून संपतो, हा एक शॉट. मग चित्रात बघायचं, की डिझेल थेंबांच्या रूपात कुठवर गेलं आणि कुठे त्याची वाफ झाली. झाला प्रयोग. या सगळ्यात इंजिन कुठेच नाही. आमच्या अख्ख्या इमारतीत इंजिन म्हणावं असं एकच आहे, लॅब चालवणाऱ्या सरांच्या स्कूटरचं, आणि तेही सकाळी चालू व्हायला नखरे करतं.

तुमच्याकडे असाच हंडा. एकाच खोक्यातले इंजेक्टर निम्मे तुम्हाला, निम्मे आम्हाला. तेच तापमान, तोच दाब, तेच डिझेल. तरी तुमचा फवारा दहा मिलिमीटरवर विरतो आणि आमचा सव्वाअकरावर. आमचा सव्वा मिलिमीटर तुमच्याकडे कोण खातं?

तू म्हणशील, हंडा धुणाऱ्या, बोल्ट आवळणाऱ्या पोराला त्याचं काय? सांगतो. हा प्रयोग तिचा आहे, म्हणजे आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा. लॅबमध्ये सगळे तिला ‘मिलिमीटर’ म्हणतात, कारण ती चहासुद्धा कपाच्या काठापासून मोजून ओतते. मी अर्थातच म्हणत नाही. ऑगस्टअखेर दोन्ही लॅबची बैठक आहे. तोवर आकडे जुळले तर तिचा प्रबंध पुढे जाणार, नाही जुळले तर परत येणार, आणि तिची दोन वर्षं पाण्यात. प्रबंध झाला की ती इथेच कायम होणार (असं मी धरून चाललोय), आणि ती कायम झाली की मी तिला जे सांगायचं ते सांगणार.

तेव्हा तुमचा थर्मामीटर बदला, चष्मा बदला, काय वाटेल ते बदला. माझं पुढचं आयुष्य सव्वा मिलिमीटरवर अडलंय.

तुझा (तात्पुरता),
भडक्या


१२ जून

चिरंजीव (नाइलाजानं) भडक्या,

तुझं पत्र आमच्या सूचनाफलकावर लावायचा फार मोह झाला. पण मग ‘हा तुमचा कोण?’ असं कुणीतरी विचारलं असतं.

तुझ्या समाधानासाठी आम्ही थर्मामीटर तपासला. तो ठणठणीत आहे. कॅमेरा तपासला. तोही. चष्मा मी गेल्याच महिन्यात बदलला, त्यामुळे तुझं अक्षर किती भयंकर आहे ते आता स्पष्ट दिसतं. आमचे दहा मिलिमीटर दहाच आहेत.

मावशीचा दर रविवारी फोन असतो. शेजारच्या बायकांना तिनं ‘मुलगा शास्त्रज्ञ आहे’ असं सांगून ठेवलंय. मी ते खोडून काढलेलं नाही, पण मला पुण्य लागणार नाही एवढं नक्की. तू वर्कशॉपमध्ये घासूनपुसून केलेलं काम मास्तरांनी दुसऱ्याच्या नावावर धरलं आणि तू कॉलेजला रामराम ठोकलास, हे तिला अजून पटत नाही. मला पटतं. मास्तर चुकलेच होते. पण तू एका मास्तरावर चिडून पन्नास विषय सोडलेस, हे प्रमाण माझ्यासारख्या मापाच्या बाईला जरा खटकतं. शिवाय तू सोडलंस तिसऱ्या सहामाहीत. उष्णता एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत कशी जाते, हा विषय चौथ्या सहामाहीत असतो. तेवढा शिकून चिडला असतास तर?

असो. भांडण बाजूला ठेवून कामाचं विचारते. हंडा तापल्यावर किती वेळ थांबता? नायट्रोजन कोण भरतं? आणि इंजेक्टरच्या नाकाशी तापमान काय असतं, ते कोण बघतं? तुमच्या सरांना विचारलं तर ते ‘सगळं पद्धतशीर आहे’ म्हणाले. हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. तू तिथे हातानं काम करतोस, तुला खरं माहीत असेल.

आता दुसरं. ती कायम होणार असं तू धरून चाललास. तुला जे सांगायचं ते ऐकून ती हरखून जाणार असंही धरून चालला असशील. तिला काही विचारलंयस का? की तेही नायट्रोजनसारखं आपणच भरून टाकायचं?

तुझी,
ताई


२० जून

ताई,

तुझे प्रश्न वाचून हसू आलं. तुम्ही लोक फार शिकता आणि मग साध्या गोष्टी पत्रानं विचारता.

हंडा तापला की आम्ही पुरेसे थांबतो. एवढे, की कॅमेरेवाल्याच्या दोन डुलक्या होतात. नायट्रोजन मी भरतो. आणि इंजेक्टरच्या नाकाची काळजी तर करूच नकोस, ती माझ्याइतकी कुणीच घेत नाही.

त्याची गोष्ट सांगतो. एप्रिलमध्ये एक इंजेक्टर अडकला. नाक जास्त तापलं, आतली सुई चिकटली, फवारा उडेना. इंजेक्टर महाग असतात हे मान्य, पण सरांनी तिला सगळ्यांसमोर जे बोलायला सुरुवात केली! ‘हा काय तुमच्या घरातला चमचा आहे का, एक वाकला की दुसरा काढायला?’ ती ‘हो सर’ म्हणाली, बाहेर गेली, तोंड धुऊन आली आणि पुढचं काम करायला लागली. मी पाना हातात घेऊन उभा होतो. सरांच्या आणि माझ्या मध्ये हंडा होता, म्हणून सर वाचले.

त्या दिवशी मी ठरवलं, की हिच्या हातून पुन्हा एकही इंजेक्टर जाणार नाही. इंजेक्टरभोवती गरम तेल फिरवणारा आमचा डबा आहे ना, तुमच्याकडेही असेल, त्याच्यावरचा आकडा नव्वद असायचा. पुढचे शॉट सुरू व्हायच्या आत मी तो टप्प्याटप्प्यानं खाली आणला. ऐंशी. सत्तर. मग पन्नास, तो आजतागायत. नाक कसं सुखात! तेव्हापासून एक इंजेक्टर अडकलेला नाही. सर म्हणतात, ‘बघा, बोललं की फरक पडतो.’ मी ऐकून घेतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तिलाही नाही. मोठेपणा मिरवायची मला सवय नाही.

आणि डब्याचा तुमच्या त्या तापमानाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तू त्यातही काहीतरी शोधशील. हंड्यातली उष्णता आणि दाब या प्रयोगाच्या अटी. त्यांना मी बोटही लावत नाही. डबा म्हणजे घरकाम.

तिला विचारलंय का, म्हणतेस. काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. परवा म्हणाली, ‘तू असलास की मला हंड्याकडे बघावं लागत नाही.’ आता एखादी मुलगी एखाद्याला असं उगाच म्हणते का? काल तर कहर झाला. मी बोल्ट आवळत होतो.

‘जेवलास का?’ तिनं विचारलं.

‘नाही.’

‘मग जेवून ये. तोवर हंडा तापेल.’

कॅमेरेवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘अरे, तिला शॉटच्या वेळी तुझ्या पोटातला गुरगुराट नको असेल.’ त्याच्यासारख्या माणसाला कॅमेऱ्यातून पापणीपेक्षा वेगवान गोष्टी दिसतात आणि समोरची गोष्ट दिसत नाही.

तेव्हा आमच्याकडे सगळं चोख आहे. आता तुमचं बघा.

भडक्या


२७ जून

भडक्या,

हे बसून वाच.

डबा घरकाम नाही. डब्यातलं तेल इंजेक्टर तापवतं, इंजेक्टर आतलं डिझेल तापवतो. डबा पन्नासवर असेल तर हंड्यात शिरणारं डिझेल गार असतं. गार डिझेलला आधी तापावं लागतं, मग त्याची वाफ होते. तापता तापता ते पुढे जात राहतं. किती पुढे? आज मी आमचा डबा पन्नासवर आणला आणि शॉट घेतला. सव्वाअकरा. तुमच्या आकड्याशी इतका जुळला, की आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुमचा सव्वा मिलिमीटर आमच्याकडे कुणी खाल्लेला नाही. तो तूच तिच्या ताटात वाढलास, मायेनं, न मागता. दोन्ही लॅबनी ताडून बघायचे शॉट एप्रिलमध्ये त्यानंतरच सुरू झाले, आणि त्यातला तिचा एकेक शॉट तू बिघडवलायस. ‘तू असलास की हंड्याकडे बघावं लागत नाही’ याचा अर्थ ती तुझ्यावर विसंबून होती. त्यात दुसरं काही तुला दिसत असेल तर तो तुझा चष्मा.

आता आणखी एक, जे मी सांगणार नव्हते. पण तुला अर्धवट सांगितलं की तू उरलेलं धरून चालतोस, म्हणून सगळंच सांगते. ती तिथे कायम होणार नाहीये. तिनं आमच्याकडे नोकरीसाठी अर्ज केलाय. मुलाखत घेणाऱ्यांत मी होते. हुशार आहे, आणि चहा खरंच मोजून ओतते. आमचा होकार झालाय. अट एकच, प्रबंध.

म्हणजे तू डबा नव्वदवर आणलास आणि एप्रिलपासूनचं सगळं सांगितलंस, तर तिचे आकडे जुळतील आणि ती तुमच्याकडून जाईल. मला ठाऊक आहे हे वाचून तुझं काय होणार आहे.

मी तुमच्या सरांना फोन करणार नाही, कारण चूक तुझी आहे आणि ती तू सांगावीस असं मला वाटतं. पण ऑगस्टच्या बैठकीच्या दिवशी मी तुझी बहीण नसेन, या लॅबची माणूस असेन. तोवरच गप्प बसेन.

ताई


३० जून

ताई,

तू माझी बहीण आहेस की त्यांची नोकरभरती? मी इथे तुला मनातलं सगळं लिहितोय आणि तू तिकडे माझ्याच माणसाची मुलाखत घेतेस, वर मला कळू देत नाहीस! काय विचारलंस तिला? ‘आमचा एक भाऊ आहे, त्याला सोडून यायला किती पगार घ्याल?’

तर आता हिशेब सोपा झाला. डबा पन्नासवर राहिला तर ती इथे. नव्वदवर गेला तर ती तुझ्याकडे. आणि बटण माझ्या उजव्या हाताला.

प्रबंध परत आला तर आणखी एखादं वर्ष लागेल. लागू दे. लोक काय काय करतात एका वर्षात! मी काहीच करणार नाहीये. कुठल्याही कायद्यात काहीच न करणं हा गुन्हा नाही. डबा होता तसा राहील, मी होतो तसा राहीन, आणि तुझा तो आदर्श दहा मिलिमीटर तुलाच लखलाभ.

पत्र पाठवू नकोस.

कुणाचाच नाही,
भडक्या


२६ जुलै

भडक्या,

पत्र पाठवू नकोस म्हणालास, म्हणून महिनाभर पाठवलं नाही. आता पाठवते, कारण काल दोन्ही लॅबची फोनवर बैठक झाली आणि तू खोलीत असूनही काही ऐकलंच नाही असं दाखवशील, असा मला संशय आहे.

तुमच्या सरांनी तोडगा काढला. म्हणाले, ‘फरक प्रत्येक वेळी सव्वा मिलिमीटरच आहे ना? मग प्रत्येक आकड्यातून तेवढा वजा करू या. त्याला दुरुस्ती म्हणता येईल.’ मी मनात म्हटलं, झालं, सुटला आमचा भडक्या. कुणाला काही सांगायला नको, आकडे जुळतील, प्रबंध होईल, सगळे पेढ्यावाचून तोंड गोड करतील.

मग ती बोलली. ‘कारण कळल्याशिवाय मी एक केसभरही वजा करणार नाही. फरक आहे म्हणजे माझं काहीतरी चुकतंय. मला ते सापडत नाहीये. सापडलं नाही तर प्रबंध परत जाऊ दे.’

सर म्हणाले, ‘दोन वर्षं जातील.’

‘जातील,’ ती म्हणाली.

‘माझं काहीतरी चुकतंय’ म्हणाली, भडक्या. यंत्राचं नाही, आमचं नाही, दुसऱ्या कुणाचं नाही. माझं. त्यानंतर मागे काहीतरी जड वस्तू जमिनीवर पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी ‘अरे, पायावर पडला असता!’ म्हणालं. पाना होता का?

मी काही सांगत नाही. तुला सगळं माहीत आहे.

ताई


२४ ऑगस्ट

ताई,

पाना होता. पायावरच पडला. अंगठ्याचं नख काळं झालंय.

फोनवरची बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगितलं. तू म्हणशील, शाबास. थांब. हंडा तापत होता. ती काचेपाशी वाकून बघत होती. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं, त्यात एप्रिलपासूनच्या घटना क्रमानं होत्या आणि शेवटी त्यागावर दोन वाक्यं होती. तोंडातून निघालं ते असं:

‘मॅडम, डबा पन्नासवर आहे.’

‘मग नव्वदवर कर,’ ती काचेवरून नजर न काढता म्हणाली.

‘एप्रिलपासून पन्नासवर आहे.’

ती सरळ झाली. ‘एप्रिलपासून?’

‘हो.’

‘कुणी आणला?’

‘मी.’

ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो, आणि प्रकरण बरोबरीत सुटलं असतं. मला त्यातलं कळतं. पण ती स्टुलावर बसली आणि तिनं डब्यावरचा आकडा स्वतः बघितला. मग म्हणाली, ‘का?’

‘इंजेक्टर अडकू नये म्हणून. सर तुम्हाला बोलले होते ना, त्या दिवशी.’

‘म्हणून?’

‘म्हणून.’

‘अरे, मला विचारायचं होतंस,’ ती म्हणाली. एवढंच. ताई, सरांचं चमच्याचं वाक्य यापेक्षा किती बरं होतं.

सरांना कळलं तेव्हा मी राजीनाम्याचा कागद खिशात ठेवूनच गेलो होतो. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे यंत्रात दोष नाही! छान!’ इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर स्कूटर चालू झाल्यावरही बघितला नव्हता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपराध त्यांच्या अहवालात ‘मानवी त्रुटी’ या दोन शब्दांत मावला. काढून टाका म्हटलं तर म्हणाले, ‘मग हंड्याचे बोल्ट कोण आवळणार?’

मग एप्रिलपासूनचे सगळे शॉट पुन्हा घ्यायचे ठरलं. सगळे. ऑगस्टअखेरच्या बैठकीच्या आत. म्हणजे बघ, मी देवाकडे जे जे मागितलं होतं ते एकगठ्ठा मिळालं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती आणि मी, एकाच खोलीत, एकाच हंड्यासमोर. आमचं संभाषण तुला वानगीदाखल देतो:

‘दाब?’

‘साठ.’

‘डबा?’

‘नव्वद.’

‘बघून सांगितलंस?’

‘बघून.’

असं तीन-चार आठवडे. जेवलास का, हे तिनं एकदाही विचारलं नाही. कॅमेरेवाला मात्र रोज विचारायचा, आणि हसायचा.

नव्वदवर इंजेक्टर अडकणार हे मला माहीत होतं. अडकले. एक नाही, दोन. सर तरातरा आले. माझा हात पान्याकडे गेला, सवयीनं. पण सर तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ‘सर, इंजेक्टर वापरून संपायची वस्तू आहे. माझी दोन वर्षं नाहीत. नवीन मागवा.’ सरांनी मागवले! नुसते ‘बरं’ म्हणाले आणि गेले! मी एप्रिलपासून ज्या बाईला वाचवत होतो, तिला वाचवायची गरजच नव्हती. एप्रिलमध्ये ती तोंड धुवायला गेली, तेव्हा रडायला गेली असं मी धरून चाललो. नाकाला काजळी लागली होती म्हणून गेली होती. हेही मी आता विचारलं तेव्हा कळलं.

आकडे जुळले. तुला कागदावर कळलंच असेल. दहा, दहा, दहा, एकदा दहाला किंचित कमी. प्रबंध पुढे गेला.

शेवटचा शॉट झाल्यावर कॅमेरेवाला बाहेर गेला. हंडा गार होत होता. मी म्हटलं, ‘मॅडम, मला तुम्ही आवडता.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘सगळ्या मजल्याला माहीत आहे.’

‘मग?’

‘मग नाही.’

‘जरा विचार करून सांगा ना.’

‘विचार करूनच सांगतेय. मागेच केला होता. तू विचारशील म्हणून थांबले होते.’ आणि मग जरा हळू आवाजात, ‘विचारलंस हे बरं केलंस.’

बरं केलंस! ताई, नकार द्यावा तर असा, की माणसाला आभार मानावेसे वाटावेत आणि भिंतीवर डोकंही आपटावंसं वाटावं. मला रागसुद्धा धड आला नाही. राग येण्यासाठी समोरच्यानं काहीतरी चुकीचं करावं लागतं. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

उद्यापासून मी तिथे जाणार नाही. राजीनाम्याचा कागद अजून खिशात आहेच. प्रत्येक बोल्टला तिची बोटं लागलीयत, मी ते आवळत बसू? आईला तू सांग. शास्त्रज्ञानं विज्ञानाचा त्याग केला म्हणावं.

भडक्या


२० सप्टेंबर

भडक्या,

मावशीला अजून काही सांगितलेलं नाही. आधी खात्री करायची होती. मी मापाची बाई आहे.

ती आमच्याकडे रुजू झाली. पहिल्या दिवशी सगळ्यांना गोड वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, ‘डबा नव्वदवरच का?’

‘अट आहे,’ मी म्हटलं.

‘अट कुणी ठरवली? चालत्या इंजिनात इंजेक्टरचं नाक नव्वदच असतं का?’

आता मी हा आकडा इथे आल्यापासून पाळतेय. कुठून आला म्हणून शोधायला गेले, तर माझ्या आधीच्या बाईंनी ठेवला होता. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘मी आले तेव्हा नव्वदच होता.’ हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे दोन खोट्या इंजिनांनी एकमेकांची साक्ष काढली. याला पुरावा म्हणत नाहीत.’ सगळ्यांसमोर! माझ्याच लॅबमध्ये! मी हातात धरलेली फाइल टेबलावर जरा जोरात ठेवली, आणि लगेच तुझी आठवण झाली. रक्त एकच, दुसरं काय. आता आमच्या अंगणात एक खरंखुरं इंजिन येऊन पडणार आहे, आणि त्याच्या इंजेक्टरच्या नाकात तापमान मोजायची तार घालायचं काम माझ्याकडे आलंय. तू हिच्यावर नेमकं काय बघून भाळलास ते मला एकदा सविस्तर लिही. माझ्या उपयोगी पडेल.

काल चहाच्या वेळी, ती कप मोजून भरत असताना, मी सहज विषय काढला. म्हटलं, तुमच्याकडचा तो बोल्ट आवळणारा मुलगा सोडून गेला ना?

‘तो? नाही,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशी माझ्या आधी आला होता. हंडा उघडून काच पुसत बसला होता. डोळे सुजले होते. मी निघेपर्यंत रोज येत होता. नव्या मुलीला डबा कसा बघायचा ते त्यानंच शिकवलं.’

मी तिला तुझं-माझं नातं सांगितलं नाही. तुला हवं तर तू सांग.

आज रविवार. मावशीचा फोन आला. ‘कसा आहे गं?’ म्हणाली.

म्हटलं, ‘बरा आहे. एके ठिकाणी नकार मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.’

मावशी म्हणाली, ‘आमचा? नकार मिळाला आणि कामावर गेला?’ आणि फोन ठेवेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहिली, की मी दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल तर बोलत नाहीये ना.

तुझी,
ताई